मनाचा आजार आणि शरीराचे पहारेकरी
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस थोडें नवल वाटलें असेल. मनाचा आजार ही एक गोष्ट, आणि पडसें, गोंवर, विषमज्वर यांच्याशीं झगडणारी शरीराची प्रतिकारशक्ति ही अगदीं दुसरी गोष्ट, असें आपण आजवर समजत आलों. एकीचा कारभार मेंदूंत, दुसरीचा रक्तांत. एकीचा वैद्य निराळा, दुसरीचा निराळा. परंतु गेल्या कांहीं वर्षांत या दोन्ही खात्यांच्या दप्तरांत एकच नांव सांपडलें आहे. तें नांव एका जनुकाचें आहे. आणि त्याचा संबंध ज्या आजाराशीं लागूं पाहत आहे, तो आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया, आपल्या भाषेंत छिन्नमनस्कता.

मी वैद्य नाहीं, शास्त्रज्ञही नाहीं. मॅट्रिक होऊन शाळेंत शिरलों आणि उभें आयुष्य मुलांना शिकविण्यांत घालवून आतां निवृत्त झालों आहें. तेव्हां आज सांगणार आहें तें माझ्या अधिकारानें नव्हे. ज्यांनीं हें काम केलें त्यांचे निष्कर्ष समजून घ्यावे आणि सोप्या शब्दांत आपणांपुढें मांडावे, एवढाच माझा उद्योग. मास्तराचा धंदाच असा आहे कीं, विहीर त्यानें खणलेली नसते, पण पाणी घरोघर पोंचविण्याचें काम त्याच्याकडे असतें.

प्रथम आजाराची ओळख करून घेऊं. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्वित्झर्लंडमधील मानसरोगतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनीं १९०८ सालीं प्रचारांत आणला. त्याचा शब्दशः अर्थ दुभंगलेलें मन. यावरून कित्येकांची अशी समजूत झाली आहे कीं, या आजारांत एका देहांत दोन माणसें नांदतात; आज एक बोलतो, उद्यां दुसरा. ही समजूत खरी नव्हे. दुभंगतो तो विचार, भावना आणि वास्तव यांचा मेळ. जवळ कोणी नसतां रोग्याला आवाज ऐकूं येतात. आपल्याविरुद्ध कोणी कट करीत आहे अशी त्याची खात्री होते. बोलण्याचा धागा मध्येंच तुटतो. आणि याहूनही जाचक गोष्ट ही कीं, उत्साह, आवड, माया यांचा झरा हळूहळू आटूं लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें २ कोटि ४० लक्ष लोक या आजारानें पीडित आहेत. म्हणजे दर तीनशें माणसांमागें एक. यावरून आपल्या परिचयाच्या माणसांत एखादें तरी असें घर असावयाचेंच.

या आजाराची एक गोष्ट आम्हां शिक्षकांच्या विशेष ध्यानांत राहते. ती म्हणजे त्याची येण्याची वेळ. तो बहुधा बालपणीं येत नाहीं, म्हातारपणींही येत नाहीं. शाळा संपत येते, मिसरूड फुटतें, आईबापांचीं स्वप्नें रंगांत येतात, अशा वेळीं, म्हणजे सोळा-सतरापासून तिशीपर्यंतच्या काळांत, तो बहुतेकांस गांठतो.

माझ्या वर्गांत एक मुलगा होता. भूमितीची आकृति काढावयास त्याला फळ्यापाशीं उभें केलें कीं, मला पुन्हा खडू हातांत घ्यावा लागत नसे. पुढें कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीं तो घरीं परत आला, तो खोलीचें दार लावून बसूं लागला. खिडक्यांच्या कांचांना त्यानें कागद चिकटविले. बातम्या सांगणारा माणूस आपल्यालाच उद्देशून बोलतो, असें तो म्हणूं लागला. गल्लींत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणे बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणे अभ्यास डोक्यांत गेला, आणि बहुतेक सारे म्हणत, आईनें फार लाडावून ठेवला त्याचें हें फळ. एके दिवशीं त्याची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मास्तर, तुम्हीं त्याला दहा वर्षांचा असल्यापासून पाहिलें आहे. माझें कोठें चुकलें, तेवढें सांगा."

हा प्रश्न त्या एका माउलीचा नाहीं. ज्या ज्या घरांत हा आजार शिरतो, त्या त्या घरांत कोणी ना कोणी तो विचारतोच. आज ज्या संशोधनाविषयीं मी बोलणार आहें, त्याचें खरें मोल या प्रश्नाच्या उत्तरांत आहे, असें मला वाटतें.

या प्रश्नाला विसाव्या शतकांतील शहाण्या लोकांनीं दोन उत्तरें दिलीं, आणि दोन्ही निष्ठुर होतीं. पहिलें उत्तर असें कीं, रक्तच दूषित आहे. १४ जुलै १९३३ रोजीं जर्मनींतील नाझी सरकारनें आनुवंशिक रोग्यांना संतति होऊं नये म्हणून कायदा केला, आणि त्या कायद्याच्या यादींत स्किझोफ्रेनियाचें नांव होतें. त्या कायद्याखालीं एकंदर सुमारें चार लक्ष माणसांची सक्तीनें नसबंदी करण्यांत आली. पुढें १९३९ पासून तर मनोरुग्णांना ठार मारण्यापर्यंत त्या राज्याची मजल गेली. दुसरें उत्तर याच्या अगदीं उलट. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या फ्रीडा फ्रॉम-राइखमन या मानसरोगतज्ज्ञ बाईंनीं १९४८ सालीं 'स्किझोफ्रेनिया उत्पन्न करणारी आई' अशा अर्थाची संज्ञा वापरली, आणि पुढें कित्येक वर्षें आईच्या थंड किंवा हट्टी स्वभावांत या रोगाचें मूळ शोधलें गेलें. एका उत्तरानें सबंध कूळ आरोपी झालें, दुसऱ्यानें एकटी आई.

आतां सत्य काय दिसतें तें पाहूं. आनुवंशाचा या आजारांत हात आहे, आणि तो लहान नाहीं. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या नोंदींवरून २०१८ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच बीजापासून झालेल्या, हुबेहूब सारख्या जुळ्यांपैकीं एकाला हा आजार असेल, तर सुमारें तिहाई जोड्यांत तो दुसऱ्यालाही होतो, असें त्यांत आढळलें. सामान्य माणसाला जन्मभरांत हा आजार होण्याचा संभव हजारीं सुमारें सात धरतात. त्या मानानें तिहाई हें प्रमाण केवढें तरी मोठें आहे. पण याच आंकड्याची दुसरी बाजूही पाहावी. ज्यांचें सारें जनुकधन एकच, अशा जुळ्यांतही तिघांपैकीं दोघे सुटतात. म्हणजे आनुवंश हें ओझें आहे, ललाटलेख नव्हे.

हें ओझें नेमकें कोणत्या जनुकांत आहे? पुष्कळ वर्षें संशोधक एखादें मोठें दोषी जनुक शोधीत होते. तसें एक जनुक सांपडलें नाहीं. सांपडलीं तीं शेंकडों, आणि प्रत्येकाचा भार चिमूटभर. २०१४ सालीं अनेक देशांतील संशोधकांनीं मिळून ३६,९८९ रोगी आणि १,१३,०७५ निरोगी माणसें यांच्या जनुकधनाची तुलना केली. तींत १०८ जागा अशा निघाल्या कीं, त्या ठिकाणचा फरक रोग्यांत कांहींसा अधिक दिसतो. २०२२ सालीं ७६,७५५ रोगी घेऊन हेंच काम पुन्हा केलें, तेव्हां जागांची संख्या २८७ वर गेली. या जागांचा आलेख काढला तर तो एखाद्या शहराच्या इमारतींसारखा दिसतो, कोठें बैठीं घरें, कोठें चार मजले. आणि २०१४ च्या आलेखांत सर्वांवर मान काढून उभा असलेला एक मनोरा होता. तो सहाव्या गुणसूत्रावर होता.

श्रोतेहो, नवलाची गोष्ट पुढेंच आहे. सहाव्या गुणसूत्रावरील ही जागा म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या जनुकांची गजबजलेली पेठ. मूत्रपिंडाचें रोपण करण्यापूर्वीं देणारा आणि घेणारा यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें वैद्य पाहतात, तें याच पेठेंतील जनुकांवरून. आपलें कोण आणि परकें कोण, हें शरीराला ओळखावयास शिकविणारी ही वस्ती. मनाच्या आजाराचा माग या वस्तींत लागतो याचा सुगावा २००९ सालींच लागला होता. पण पेठ इतकी दाट कीं, नेमकें कोणतें दुकान, तें कळेना. शेजारशेजारचीं जनुकें पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच वारशानें जातात. त्यामुळें एकाचा दोष दुसऱ्याच्या अंगावर दिसतो.

तें दुकान दाखविणारें संशोधन २०१६ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतील बॉस्टन परिसरांतील हार्वर्ड वैद्यकीय विद्यालय, ब्रॉड इन्स्टिट्यूट आणि बॉस्टनचें बालरुग्णालय येथील मंडळींनीं तें केलें. निबंधाचे पहिले लेखक अश्विन सेकर हे त्या वेळीं विद्यार्थी होते. स्टीव्हन मॅक्कॅरोल हे त्यांचे मार्गदर्शक. आणि बेथ स्टीव्हन्स व मायकेल कॅरोल हे सहकारी. त्यांनीं बोट ठेवलें तें 'सी-४' नांवाच्या जनुकावर.

हें सी-४ काय आहे? रोगजंतु शरीरांत शिरले म्हणजे रक्तांतील प्रतिद्रव्यें त्यांना जाऊन चिकटतात, हें आपण शाळेंत शिकलों. परंतु एकट्या प्रतिद्रव्यांनीं काम पुरें होत नाहीं. त्यांना साह्य करणारीं आणखी प्रथिनें रक्तांत असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनीं त्यांचा शोध घेतला त्यांत बेल्जियमचे झ्यूल बोर्दे हे प्रमुख. त्यांना १९१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. प्रतिद्रव्यांची उणीव पुरी करणारीं म्हणून यांना 'पूरक प्रथिनें' म्हणतात. त्यांच्या कामाची रीत साखळीसारखी आहे. पहिलें दुसऱ्याला जागें करतें, दुसरें तिसऱ्याला. शेवटीं ज्याचा नाश करावयाचा त्याच्यावर एक खूण उमटते. जंगलखात्याचा माणूस तोडावयाच्या झाडावर शिक्का मारून जातो, आणि मागून कुऱ्हाडवाले येऊन नेमकीं तींच झाडें पाडतात, तसेंच हें. शिक्का पूरक प्रथिनांचा. कुऱ्हाड भक्षक पेशींची. सी-४ हा त्या साखळींतील एक दुवा.

आतां या जनुकाचा विशेष असा कीं, तें सर्वांजवळ सारखें नसतें. त्याचे 'ए' आणि 'बी' असे दोन प्रकार आहेत. प्रत्येकाचें एक लांब आणि एक आंखूड रूप असतें. लांब रूपांत एका पुराणकालीन विषाणूचा अवशेष घर करून बसलेला आहे. शिवाय प्रतींची संख्याही माणसागणिक बदलते. कोणाजवळ अधिक, कोणाजवळ कमी. सेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मरणोत्तर दान म्हणून मिळालेल्या मेंदूंचे अंश तपासून, कोणत्या रूपामुळें मेंदूंत किती सी-४ तयार होतें याचा हिशेब बसविला. नंतर २२ देशांतील २८,७९९ रोगी आणि ३५,९८६ निरोगी माणसें यांच्यांत हीं रूपें ताडून पाहिलीं. निष्कर्ष सरळ निघाला. ज्या रूपांमुळें मेंदूंत 'ए' प्रकारचें सी-४ अधिक तयार होतें, तीं रूपें असणाऱ्यांत स्किझोफ्रेनियाचा संभव त्या प्रमाणांत अधिक.

पण जंगलखात्याच्या शिक्क्याचें मेंदूंत काय काम? तेथें कोणते रोगजंतु मारावयाचे आहेत? याचें उत्तर समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

आपल्या मेंदूंत अब्जावधि चेतापेशी आहेत, आणि त्या एकमेकींशीं जेथें संदेशांची देवघेव करतात त्या जागांना चेतासंधि म्हणतात. लहान मूल जसें वाढतें तसे हे संधि वाढत जात असतील, असा आपला साधा तर्क. १९७९ सालीं शिकागोचे पीटर हुटेनलोकर यांनीं निरनिराळ्या वयांच्या मानवी मेंदूंच्या पुढच्या भागांतील चेतासंधि सूक्ष्मदर्शकाखालीं मोजले, तेव्हां उलटच प्रकार दिसला. एक-दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूंत ते सर्वांत दाट असतात. प्रौढांच्या मानानें सुमारें दीडपट. नंतर दोन वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंत ते कमी होत जातात. म्हणजे निसर्ग आधीं सढळ हातानें लावणी करतो, आणि मग छाटतो.

नाशिककडील द्राक्षांची बाग ज्यांनीं पाहिली असेल त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. वेल वाढूं दिला म्हणजे पीक येतें असें नाहीं. वर्षांतून दोनदां कात्री चालवावी लागते. कोणत्या काडीवर किती डोळे ठेवावयाचे, याचा अंदाज असलेल्या हाताचीच ती कामगिरी. छाटणी झाली नाहीं तर नुसता पाला माजतो. कात्री जास्त चालली तर फळाचे डोळेच जातात. शैशवांत आणि किशोरवयांत मेंदूची अशीच छाटणी होते. जे मार्ग नित्य वापरांत येतात ते पक्के होतात, जे रिकामे पडतात ते खुडले जातात. आणि त्यायोगें मेंदू चपळ व काटकसरी होतो.

१९८२ सालीं अमेरिकेंतील अर्विन फाइनबर्ग यांनीं एक तर्क मांडला. स्किझोफ्रेनिया जर किशोरवयाच्या उंबरठ्यावर येतो, आणि मेंदूची छाटणीही त्याच काळांत चालते, तर त्या छाटणींतच कांहीं बिघाड होत नसेल काय? फाजील संधि छाटले जात असतील, किंवा फार थोडे, किंवा भलतेच. हा तर्क सुरेख होता. पण कात्री कोणाच्या हातांत आहे हें त्या वेळीं ठाऊक नव्हतें. पुढें २००० सालीं पिट्सबर्गच्या संशोधकांनीं रोग्यांच्या मेंदूंच्या पुढच्या भागांत, चेतासंधि ज्यांवर बसतात ते सूक्ष्म कांटे विरळ झालेले दाखविले. आणि २००७ सालीं बेथ स्टीव्हन्स व बेन बॅरेस यांनीं उंदरांच्या दृष्टिमार्गावर प्रयोग करून ती कात्री कोणाची, हेंही दाखविलें. खुडावयाच्या संधींवर शिक्का मारतात तीं रक्तांतील पहाऱ्याचीच पूरक प्रथिनें. मेंदूंत राहणाऱ्या मायक्रोग्लिया नांवाच्या भक्षक पेशी तो शिक्का पाहून संधि गिळून टाकतात, हेंही पुढें दिसून आलें. निसर्गानें दोन कामांना एकच हत्यार वापरलें होतें!

आतां सारे धागे जुळून येतात. २०१६ च्या त्याच निबंधांत असें दाखविलें आहे कीं, मनुष्याच्या मेंदूंत सी-४ हें चेतासंधींच्या ठिकाणीं आढळतें, आणि उंदरांतून तें जनुक काढून टाकलें असतां छाटणी कमी होते. तेव्हां ज्याच्याजवळ सी-४ चें जोरकस रूप आहे, त्याच्या मेंदूंत शिक्के जास्त उमटत असतील, कात्री जास्त चालत असेल, आणि कांहींजणांत त्यांतून आजार उद्‌भवत असेल, असें अनुमान निघतें.

मी 'असेल' हा शब्द मुद्दाम वापरला. अनुमान आणि सिद्धांत यांतील अंतर वर्गांत शिकवीत आलों, तें येथें विसरून चालणार नाहीं. पहिली गोष्ट, छाटणीचा प्रत्यक्ष पुरावा उंदरांचा आहे. उंदराला स्किझोफ्रेनिया होत नाहीं. दुसरी, हें काम मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालें. २०१९ सालीं पूर्व आशियांतील २२,७७८ रोग्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत सहाव्या गुणसूत्रावरचा तो मनोरा दिसला नाहीं. इतर पुष्कळ जागा मात्र जुळल्या. तेव्हां बॉस्टनचा हिशेब पुण्यामुंबईच्या माणसाला जसाच्या तसा लावणें बरोबर नव्हे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे या जनुकाच्या भाराची.

हा भार किती? सी-४ च्या सर्वांत जोखमीच्या प्रचलित रूपानें आजाराचा संभव सुमारें १.२७ पट होतो. पट हा शब्द माणसाला घाबरवितो. म्हणून आपण फळ्यावर मांडतों तसें उदाहरण मांडून पाहूं. हजार माणसांत सात जणांना हा आजार होतो असें धरा. हें रूप असणारीं हजार माणसें घेतलीं तर सातांच्या जागीं सुमारें नऊ होतील. उरलेलीं नऊशें एक्याण्णव माणसें तें रूप अंगांत वागवीत सुखानें संसार करतील, नातवंडें खेळवतील, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागणार नाहीं. यासाठींच सी-४ ची तपासणी करून कोणाचेंही भविष्य सांगतां येत नाहीं. उद्यां कोणी वधूवरांच्या पत्रिकेबरोबर जनुकांचा दाखला मागूं लागला, तर त्याला हा हजारांचा हिशेब दाखवावा.

आणि हें जनुक दुष्ट आहे असेंही समजूं नये. २०२० सालीं मॅक्कॅरोल यांच्याच मंडळींनीं आणखी एक शोध प्रसिद्ध केला. ल्युपस म्हणून एक आजार आहे. त्यांत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच देहावर उलटते. श्योग्रेन यांच्या नांवानें ओळखला जाणारा, डोळे व तोंड कोरडें पाडणारा आजारही त्याच जातीचा. सी-४ चीं जीं रूपें स्किझोफ्रेनियाचा संभव वाढवितात, तींच या दोन आजारांपासून संरक्षण करतात; आणि दोन्ही परिणाम स्त्रियांपेक्षां पुरुषांत अधिक ठळक दिसतात. एका हातानें तारणारें आणि दुसऱ्या हातानें क्वचित् मारणारें असें हें देणें आहे. त्याला कुळाचा कलंक म्हणणें हें अज्ञान होय.

शिवाय जनुक एकटें काम करीत नाहीं. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हॉलंडच्या पश्चिम भागांत जर्मनांच्या नाकेबंदीमुळें भीषण उपासमार झाली. त्या उपासमारीच्या ऐन कहरांत जीं मुलें गर्भांत आलीं, त्यांच्यांत पुढें या आजाराचें प्रमाण सुमारें दुप्पट आढळलें. स्वीडनमध्यें लष्करी भरतीच्या हजारों तरुणांचा मागोवा घेऊन १९८७ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षापर्यंत ज्यांनीं गांजाचें फार सेवन केलें होतें, त्यांच्यांत पुढें हा आजार कित्येक पटींनीं जास्त दिसला. म्हणजे गर्भारपणांतील अन्न आणि किशोरवयांतील व्यसन, या दोन गोष्टींवर आपला हात पोंचतो. जनुकांवर पोंचत नाहीं. शहाण्यानें आपल्या हातांतलें आधीं सांभाळावें.

तर मग, माझें कोठें चुकलें, असें विचारणाऱ्या आईला आपण काय सांगावें? मला वाटतें, असें सांगावें: बाई, तुमच्या लाडानें हें झालें नाहीं आणि तुमच्या रागावण्यानेंही झालें नाहीं. मुलाच्या मेंदूंत लहानपणापासून जें बांधकाम आणि जी छाटणी चालूं होती, तींत शेंकडों जनुकांचा थोडाथोडा वांटा होता, कांहीं भाग परिस्थितीचा होता, आणि कांहीं निव्वळ योगायोगाचा. तुम्हांकडून गेलेलें एखादें जनुक त्यांत असेल, तसें तें तुमच्या शेजारणीजवळही असेल. मधुमेह झालेल्या मुलाच्या आईला आपण दोष देत नाहीं. मग येथें तरी कां द्यावा?

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. सी-४ च्या शोधावरून अजून कोणतें औषध निघालेलें नाहीं. रोग होण्यापूर्वींच छाटणीला आंवर घालणारा उपाय सुचेल, अशी आशा संशोधकांना आहे. पण ती आशाच आहे. तथापि आजार निरुपाय आहे असें मुळींच नव्हे. १९५२ सालीं पॅरिसमध्यें क्लोरप्रोमाझिन या औषधाचा या रोगांत उपयोग दिसून आला. तेव्हांपासून औषधांची संख्या वाढत गेली आहे, आणि पुष्कळ रोगी औषधें नियमानें घेऊन, घरच्यांच्या आधारानें, आपापलें काम करीत जगतात. उपचाराला जितका उशीर, तितकें बरें होणें अवघड, हें मात्र अनुभवानें सिद्ध झालें आहे.

म्हणून घरांतील तरुण मुलगा किंवा मुलगी एकाएकीं मित्रमंडळी तोडून एकटी राहूं लागली, रात्रींची झोंप उलटीपालटी झाली, अभ्यासांतून मन साफ उडालें, बोलण्यांत विनाकारण संशय डोकावूं लागला, किंवा नसलेले आवाज ऐकूं येऊं लागले, तर त्याला आळस, नाटक किंवा उद्धटपणा समजून मारझोड करूं नये. यांपैकीं एखादें लक्षण तर कोणाही वयांत येणाऱ्या मुलांत दिसतें. त्यानें घाबरूंही नये. पण लक्षणें टिकून राहिलीं, वाढत गेलीं, तर मानसरोगतज्ज्ञाकडे जावें. कोणाची श्रद्धा असेल त्यानें देवाला नवस बोलावा. पण देवऋष्याच्या दारांत महिने घालवून डॉक्टरचें दार शेवटीं ठोठावूं नये. सरकारनें २०२२ सालीं 'टेली-मानस' ही दूरध्वनीसेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पुण्यास जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानें स्थापन झालेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रोग्यांच्या कुटुंबांसाठीं काम करते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा चित्रपट ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं तो घरच्या सर्वांसह पाहावा. या आजारांत घर कसें होरपळतें आणि कसें सांवरूं शकतें, हें त्यांत दिसतें.

आणि शेजाऱ्यांसाठीं एक विनंति. अशा घरीं जाणें सोडूं नका. हळदीकुंकवाचें, बारशाचें, सत्यनारायणाचें आमंत्रण त्या घरालाही द्या. रोगी बोलला नाहीं तरी त्याच्यापाशीं चार क्षण बसा. त्याला नांवानें हांक मारा. ज्यानें शास्त्र वाचलें आहे त्यानें निदान एवढें तरी शिकावें कीं, ज्या रोगाचा उगम मेंदूंतल्या सूक्ष्म संधींच्या मोडतोडींत असूं शकतो, त्याला कुचेष्टेचा विषय करणें हें पांगळ्याच्या चालीला हंसण्यासारखें आहे.

श्रोतेहो, शरीराच्या पहारेकऱ्यांचा मनाच्या आजाराशीं संबंध कसा लागूं पाहत आहे, तें मीं माझ्या कुवतीप्रमाणें सांगितलें. हें शास्त्र अजून वाटेवर आहे. त्याचा पुढचा मुक्काम कोणता, तें आपल्यापैकीं तरुण श्रोत्यांना पाहावयास मिळेल. पण निर्दोष माणसांच्या माथ्यावरचा आरोप उतरविण्याइतकें ज्ञान आज आपल्यापाशीं नक्कीच आहे, आणि त्यासाठीं कोणत्याही नव्या औषधाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.